झेड४ देऊन एक्स३ एम४०आय घेतली: इंजिन तेच, बाकी सगळं वेगळं

आधी मुद्द्याचं सांगते. बीएमडब्ल्यूची झेड४ एम४०आय (दोन सीटची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार) आणि एक्स३ एम४०आय (एसयूव्ही) या दोन्ही गाड्यांत इंजिन एकच आहे, बी५८ म्हणतात ते, तीन लिटर, एका रांगेत सहा सिलिंडर, टर्बो, आणि त्याला आठ स्पीडचा ऑटोमॅटिक. झेड४ मध्ये ३४० हॉर्सपॉवर, एक्स३ मध्ये ३६०, टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, दोन्हीकडे ५०० न्यूटन मीटर. टोयोटाच्या सुप्रामध्येपण हेच बसतं. म्हणजे स्पोर्ट्स कार देऊन एसयूव्ही घेतली हे खरंच आहे, पण इंजिन ठेवलं आणि भोवतीची गाडी तेवढी बदलली असंपण म्हणता येतं, निदान नवऱ्याला मी असंच पटवलं.

दोन्ही सेकंड हँड, हे पण सांगून टाकते, नाहीतर लोकांना वाटतं पार्ल्यात पैशाची झाडं लागलीत. झेड४ एम४०आय २०१९ मध्ये इथे आली तेव्हा एक्स शोरूम ७८.९० लाख होती, एक्स३ एम४०आय मे २०२३ मध्ये ८६.५० लाखाला आली, आणि वर आपल्या महाराष्ट्राचा रोड टॅक्स. नवीन घ्यायचा प्रश्नच नव्हता. शिवाय २०२५ च्या सुरुवातीला जी नवी एक्स३ आली ती आपल्याकडे दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात आली, ती चांगली असेलही पण मला सहा सिलिंडरच हवे होते, त्यामुळे जुन्या बाजारातच शोधत बसले.

झेड४ बद्दल वाईट बोलणार नाही. रविवारी पहाटे वरळीहून कोस्टल रोडला लागायचं, मलबार हिलखालच्या बोगद्याच्या आधी छत उघडायचं (दहा सेकंद लागतात, पन्नासच्या आत असाल तर चालत्या गाडीत उघडतं), आणि मग त्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात खिडकी नाही, छत नाही, नुसता एक्झॉस्टचा आवाज भिंतीवर आपटून डोक्यावर येतो. बोगद्यात लिमिट साठची आहे, बाहेर सरळ रस्त्याला ऐंशी, कॅमेरे सगळीकडे, म्हणजे शंभरला ४.५ सेकंदात जाणारी गाडी घेऊन तुम्ही साठने जाताय, तरीपण मजा यायची. बूड रस्त्याला टेकल्यासारखं बसता ना, साठलासुद्धा शंभर वाटतात.

पण हे सगळं रविवारी पहाटे. सोमवारी तीच गाडी घेऊन एसव्ही रोडला जा म्हणावं. छत उघडं ठेवायचं तर धूळ, रिक्षाचा धूर आणि शेजारच्या बेस्टमधून वाकून बघणारी अख्खी रांग. जूनपासून पाऊस, मार्चपासून ऊन, उरले तीन-चार महिने, त्यात पण सकाळचे.

आणि सीट दोन. लेक होईपर्यंत चालून गेलं, नंतर प्रत्येक वेळी घरात कोण टॅक्सीने येणार यावर चर्चा. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना एकदा डॉक्टरकडे नेलं, ते आधी पाठमोरे झाले, एक हात दारावर, एक माझ्या खांद्यावर, मग हळूहळू खाली, खाली, अजून खाली, आणि बसल्यावर म्हणाले, "बसलो गं, पण आता उठवायला दोन माणसं सांगून ठेव." दवाखान्यासमोर वॉचमन आणि मी मिळून काढलं त्यांना बाहेर. एक्स३ मध्ये ते नुसते बाजूला सरकतात आणि बसतात, सीटची उंची बरोबर कमरेला येते. मला विचाराल तर घरात कुणाचे गुडघे दुखत असतील तर ब्रोशरमधला दुसरा कुठलाही आकडा वाचू नका, थेट त्या माणसाला नेऊन बसवा.

आता ब्रेकर. झेड४ चा ग्राउंड क्लिअरन्स (रस्ता आणि गाडीचं बूड यातलं अंतर) साडेअकरा सेंटीमीटरच्या आसपास, एक्स३ चा वीस. कागदावर हा फरक बारीक दिसतो, पण झेड४ असताना घर ते ऑफिस वाटेवरचा प्रत्येक ब्रेकर मला तोंडपाठ होता, कुठल्यावर तिरपं घ्यायचं, कुठल्यावर घेतलं तरी लागणारच, कुठल्या गल्लीत पेव्हर ब्लॉक उखडलेत म्हणून शिरायचंच नाही. रात्रीतून कुणीतरी नवीन ब्रेकर घालायचं, पट्टे नाहीत काही नाही. मागचा बाइकवाला हॉर्न मारून वेडा व्हायचा कारण पाचशे न्यूटन मीटरची गाडी ब्रेकरवर मुंगीच्या वेगाने तिरपी चाललीय. म्हणून मला वाटतं मुंबईत खरोखर फास्ट गाडी कुठली विचाराल तर एक्स३. ती शंभरला ४.९ सेकंद घेते, चार दशांश हळू, पण दोन ब्रेकरच्या मधे कोण पुढे आहे ते बघा.

पार्किंगवर जरा जास्त लिहिते कारण यूट्यूबवरच्या रिव्ह्यूमध्ये हे कुणी सांगत नाही. पार्ला पूर्वेला एअरपोर्टच्या फनेल झोनमुळे (विमानं उतरायच्या-चढायच्या वाटेखालचा पट्टा) बिल्डिंगची उंची वाढवता येत नाही, रिडेव्हलपमेंट झाली की माणसं वाढतात, गाड्या त्याहून वाढतात, मग खाली खड्डा खणून पझल पार्किंग, म्हणजे लोखंडी पॅलेटवर गाडी चढवायची आणि मशीन ती वर-खाली सरकवून लावतं. आमच्याकडे खालच्या लेव्हलच्या बोर्डावर उंची १५५० मिलिमीटर लिहिलीय, म्हणजे सेडानपुरती. झेड४ तिथे आरामात जायची, उंचीला जेमतेम १३०० आहे ती, फक्त पॅलेटवर चढताना कडेला खालून खर्र आवाज यायचा आणि माझे दात शिवशिवायचे. एक्स३ ची उंची १६७६. नाहीच जात. रुंदीत दोन्ही गाड्यांत जेमतेम तीन सेंटीमीटरचा फरक, लांबी चाळीसेक सेंटीमीटर जास्त, ते जमून जातं, पण उंचीला पर्याय नाही. मग ज्यांची सेडान वरच्या एसयूव्हीच्या लेव्हलला होती त्या शेजाऱ्यांबरोबर अदलाबदल, त्यासाठी कमिटीला अर्ज, मीटिंग, एनओसी. सेक्रेटरी काका म्हणाले, "तुझी आधीची दिसायची नाही, आताची मावत नाही, मधली काही मिळत नाही का?" वजनाचा बोर्डपण वाचा, काही पॅलेट दोन टनांपुरतेच असतात आणि एक्स३ सारख्या गाड्या त्याच्या बऱ्याच जवळ जातात, डिकीत सामान भरून पॅलेटवर चढवायच्या आधी विचार करा. टोकन द्यायच्या आधी टेप घेऊन खाली जाऊन मोजा, डीलर काय सांगतो त्यावर जाऊ नका, आम्हाला एकाने "मॅडम सगळ्या पार्किंगमध्ये बसते" असं छातीठोक सांगितलं होतं.

चालवायला कशी आहे? वळणावर झेड४ ची सर नाही आणि येणार पण नाही. तीनशे किलोंहून जास्त वजन, ते पण वर, फिजिक्सला कोण काय करणार. झेड४ मध्ये स्टिअरिंग वळवलं की तुमच्या मागेच गाडी फिरायची, तुम्ही जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेले असता. एक्स३ मध्ये आधी नाक वळतं, मग क्षणभराने वरचं शरीर मागून येतं, स्पोर्ट मोडमध्ये हे खूप कमी होतं पण जात नाही. आवाजपण गाळून आत येतो, खिडक्या बंद असतील तर टर्बोची सहा सिलिंडर चाललीयेत हे साडेतीन हजार आरपीएमच्या पुढेच कळतं. या दोन गोष्टींचं वाईट वाटतं, अजूनही.

पण मग कोकणात घेऊन जा. गुहागरला जायचं, मागे लेकीची सीट, बाबा, डिकीत (५५० लिटर आहे, झेड४ ची २८१) बॅगा, येताना आंब्याच्या पेट्या. मुंबई-गोवा हायवे म्हणजे दहा किलोमीटर काँक्रीट झकास आणि लगेच डायव्हर्जन, माणगावात नेहमीची रांग, मग पुन्हा मोकळा रस्ता. अशा रस्त्यावर हे इंजिन सोनं आहे. एसटीच्या मागून बाहेर डोकावायचं, समोर मोकळं दिसलं की दाबायचं, गिअरबॉक्स दोन पायऱ्या खाली उतरतो आणि ओव्हरटेक संपलेला असतो, मागे बाबांची झोप मोडत नाही. उंच बसल्यामुळे दोन गाड्यांपुढचं दिसतं, झेड४ मध्ये मला फक्त ट्रकचा टायर दिसायचा. पावसात चारही चाकांना ताकद मिळते, परशुराम घाटात ओल्या रस्त्यावर पाय हलका ठेवायची सवय हळूहळू सुटत चाललीय. सस्पेंशन कम्फर्टमध्येच ठेवा, डायव्हर्जनच्या खडीवर स्पोर्ट लावलंत तर कमरेला कळेल.

उंच गाडी म्हणून अंधेरी सबवेच्या पाण्यात घालू नका मात्र. इंजिनात पाणी गेलं की साध्या पॉलिसीत मिळत नाही काही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं, ते घ्याच.

पेट्रोलचं विचारूच नका. शहरात लिटरला पाच-सहा किलोमीटर, हायवेला शांत चालवलं तर दहा, मुंबईत पेट्रोल शंभरच्या वर. झेड४ हायवेला थोडी जास्त द्यायची, फार नाही.

व्यवहाराचं सांगायचं तर एक्सचेंजला देऊ नका. दोन सीटच्या गाडीला डीलरकडे गिऱ्हाईक कमी म्हणून भाव पाडून मागतात, त्यात सप्टेंबर २०२५ ला मोठ्या एसयूव्हीवरचा टॅक्स पन्नासवरून चाळीस टक्क्यांवर आला, त्यावरून "मॅडम आता जुन्याचे भाव पडलेत" हे ऐकवतात, आणि तुम्ही जी जुनी घेताय तिचा भाव मात्र पडलेला नसतो. मी झेड४ बाहेर विकली, वेळ लागला, पण घेणारा आला तो बोनेट उघडायच्या आधी छत उघडून बघणारा, अशा माणसाला विकायला बरं वाटतं. विकताना इन्शुरन्स कंपनीकडून नो क्लेम बोनसचं (क्लेम न केल्याबद्दलच्या सवलतीचं) पत्र मागून घ्या, ते गाडीबरोबर जात नाही, तुमच्याकडेच राहतं, आणि पुढच्या गाडीच्या प्रीमियममध्ये ओन डॅमेजवर (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर) पन्नास टक्क्यांपर्यंत सूट मिळते. एवढ्या किमतीच्या गाडीला ती रक्कम चांगली मोठी होते, आमचे पहिल्या सर्व्हिसिंगचे पैसे त्यातूनच निघाले.