आर्क्टिकचा भित्तिनकाशा: छपाई उत्तम, हान्स बेटाची नोंद सदोष

पणजीतील एका पुस्तकांच्या दुकानातून जूनमध्ये आमच्या पेडण्यातील मराठी शाळेसाठी आर्क्टिक महासागराचा लॅमिनेट केलेला भित्तिनकाशा घेतला. ९५० रुपयांच्या या नकाशाने एक पूर्ण पावसाळा वर्गात काढला; तरी त्याच्या कडा सुटल्या नाहीत आणि वरची पट्टीही गंजली नाही. समुद्राच्या खोलीच्या छटा शेवटच्या बाकावरूनही वेगळ्या ओळखू येतात. देशाचे ध्रुवीय संशोधन केंद्र वास्कोत असल्याने मुलांना या प्रदेशाचे कुतूहल असतेच, आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील 'हिमाद्री' हे २००८ पासूनचे भारतीय केंद्र नकाशावर ठळक दाखवले आहे.

मी मात्र तो घेतला कोपऱ्यातील चौकटीसाठी. मुख्य नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे शंभर किलोमीटर, त्यामुळे जेमतेम १.३ चौ. कि.मी.चे निर्जन हान्स बेट त्यात धड ठिपक्याएवढेही उमटत नाही. चौकटीत एक सेंटिमीटरला पाच किलोमीटर हे प्रमाण असल्याने डेन्मार्कच्या अखत्यारीतील ग्रीनलंड आणि कॅनडाचे एल्समिअर बेट यांमधील सुमारे ३५ कि.मी. रुंदीची सामुद्रधुनी सात सेंटिमीटरांत मावते आणि तिच्या मधोमध, तांदळाच्या कणीएवढे, ते उघडेबोडके खडकाळ बेट दिसते. ग्रीनलंडमध्ये त्याला तार्तुपालुक म्हणतात. या नावात मूत्रपिंडासारख्या आकाराचा निर्देश आहे. एवढ्या लहान जागी हा आकार नकाशाकाराने अचूक जपला आहे, याबद्दल त्याचे मनापासून कौतुक वाटते.

चूक आहे ती सीमारेषेत. १९७३ मध्ये कॅनडा आणि डेन्मार्क यांनी १२७ बिंदू जोडून सागरी सीमा आखली. पण बेट दोघांच्याही किनाऱ्यांपासून बारा सागरी मैलांच्या आत येत असल्याने आणि दोघेही त्यावर हक्क सांगत असल्याने १२२ व १२३ या बिंदूंमधील ८७५ मीटरांत रेषाच ओढली नाही. पुढे १९८४ मध्ये डेन्मार्कच्या मंत्र्याने तेथे आपला ध्वज लावला आणि दोन्ही देश आळीपाळीने ध्वजासोबत मद्याची बाटली ठेवून येऊ लागले. १४ जून २०२२ रोजी बेटावरील एका नैसर्गिक घळीला धरून त्याची वाटणी करण्याचा करार झाला. २०२४ मध्ये छापलेल्या या नकाशात मात्र रेषा दोन्ही बाजूंना तुटलेलीच आहे आणि बेटाशेजारी 'वादग्रस्त' असे लिहिले आहे. केरीहून फेरीबोटीने तेरेखोल किल्ल्याला जाणाऱ्या आमच्या मुलांना, नदीच्या महाराष्ट्राकडील उत्तर काठावर असूनही तो किल्ला गोव्यातच आहे हे ठाऊक असते. सीमा जमिनीवर कशी ठरते हे समजावायला हान्सइतके नेमके उदाहरण नाही, आणि नकाशाने तेच हुकवले.

दुसरी उणीव मला अधिक लागली. मागील बाजूस नावांचा तक्ता आहे. त्यात ज्यांचे नाव सामुद्रधुनीला मिळाले ते ब्रिटिश नौदल अधिकारी नेअर्स आहेत, अमेरिकी शोधप्रवासी हॉल आहेत, पण ज्यांचे नाव बेटाला मिळाले ते ग्रीनलंडचे शिकारी हान्स हेन्ड्रिक नाहीत. १८५३ ते १८७६ या काळात त्यांनी चार मोहिमांना साथ दिली. ऑक्टोबर १८७२ मध्ये हॉल यांच्या मोहिमेतील १९ माणसे जहाजापासून तुटून एका हिमखंडावर अडकली. त्यांत हान्स, त्यांची पत्नी आणि चार मुले होती. धाकटे तर अवघ्या दोन महिन्यांचे. सुमारे २,९०० कि.मी. वाहत जाऊन ३० एप्रिल १८७३ रोजी सर्वजण जिवंत सुटले, ते मुख्यतः हान्स आणि दुसरे इनुइट शिकारी यांनी मारून आणलेल्या सीलच्या मांसावर. अशा माणसासाठी तक्त्यात एक ओळ नसावी, हे पटत नाही.

शाळांनी हा नकाशा जरूर घ्यावा. आम्ही मार्करने बेटावरून रेषा ओढून दोन्ही टोके जोडली, 'वादग्रस्त' हा शब्द खोडला आणि हान्स हेन्ड्रिक यांच्या माहितीची पट्टी तक्त्याखाली चिकटवली. दुकानदारांना दोन्ही चुका लेखी कळवल्या असून त्यांनी त्या प्रकाशकाकडे पाठवण्याचे मान्य केले आहे.