मॅटी, आयडा, इव्हनवीव्ह: क्रॉस स्टिचची कापडं पावसाळाभर वापरल्यावर

मुंबईच्या मंगळदास मार्केटमध्ये मॅटी, म्हणजे घरं मोजून भरतकाम करायचं जाडसर कापड, ताग्यातून मीटरवर मिळते आणि आयडापेक्षा (क्रॉस स्टिचसाठीच चौकोनी घरं विणलेल्या कापडापेक्षा) बरीच स्वस्त पडते, त्यामुळे बहुतेकांची सुरुवात मॅटीवरच होते. टेबलक्लॉथ, उशीचे अभ्रे, किनारीची नक्षी यांसाठी ती उत्तमच. अडचण येते ती चित्र भरताना.

मॅटीच्या विणीत उभे आणि आडवे धागे इंचाला सारखे असतीलच असं नाही. एका बाजूने इंचाला १४ घरं (एका टाक्याचे चौकोन) आणि दुसऱ्या बाजूने १३ असतील, तर ९८ टाक्यांचं वर्तुळ एकीकडे ७ इंच आणि दुसरीकडे साडेसात इंच होतं. वर्तुळाचं अंडं होतं आणि माणसाचा चेहरा असेल तर तो फुगलेला दिसतो. म्हणून दुकानातच पट्टी ठेवून दोन्ही दिशांनी तीन-तीन इंचांतली घरं मोजावीत. एका इंचावर अर्ध्या घराचा फरक नजरेतून सुटतो, तीन इंचांवर सुटत नाही. शिवाय मॅटी धुतल्यावर आटते, तीही दोन्ही बाजूंनी सारखी नाही. काम सुरू करण्याआधी धुऊन, इस्त्री करून पुन्हा मोजायची. दुकानदार ‘आटत नाही’ म्हणाला तरी.

१४ काउंट आयडा हे या सगळ्यांत सर्वांत निर्धास्त कापड. इंचाला १४ टाके, भोकं स्वच्छ दिसतात, सहा पदरी लडीतले दोन पदर आणि २४ नंबरची बोथट टॅपेस्ट्री सुई. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर हलत्या डब्यातही घर चुकत नाही. ११ काउंटला तीन पदर लागतात, नाहीतर टाक्यांमधून पांढरं डोकावतं. १८ काउंटवर एक पदर पुरतो, पण ट्यूबलाइटखाली तासाभरात डोळे दुखतात.

आयडातही डावं-उजवं आहे. झ्वायगार्टसारख्या जुन्या जर्मन कंपनीच्या कापडाची घरं काठापासून काठापर्यंत सारखी राहतात. नाव नसलेल्या स्वस्त आयडात खळ भरपूर असते. नवं असताना पुठ्ठ्यासारखं ताठ लागतं, एका धुण्यात ते सैल पडतं आणि भोकं मिटल्यासारखी होतात. अशा कापडावर नमुन्याचे दहा-वीस टाके घालून, तेवढा तुकडा धुऊन बघितल्याशिवाय मोठं चित्र घेऊ नये.

आयडाची खरी मर्यादा पाव आणि पाऊण टाक्यांत, म्हणजे घराचा काही भागच भरणाऱ्या टाक्यांत, कळते. चौकोनाच्या मधोमध भोक नसतं, त्यामुळे तिथे टोकदार सुईने घर फोडावं लागतं आणि कोपरे जाड दिसतात. नक्षीत असे टाके बरेच असतील तर २८ काउंटचं इव्हनवीव्ह, म्हणजे उभे-आडवे धागे इंचाला सारखे असलेलं साध्या विणीचं कापड, घ्यावं. त्यात दोन धाग्यांवरून एक टाका घालतात, म्हणजे चित्राचा आकार १४ काउंट आयडाइतकाच येतो आणि पाव टाक्याला मधलं भोक तयारच असतं. पहिला टाका उभा धागा जिथे आडव्यावरून जातो त्याच्या शेजारून काढावा. पुढे एखादा धागा चुकून जास्त मोजला गेला, तर सुई भलत्या ठिकाणी निघते आणि चूक लगेच दिसते. सुंदर कापड, पण नवशिक्यासाठी नाही.

किती घ्यायचं, तर नक्षीचे टाके भागिले काउंट. १४० बाय ९८ टाक्यांचं चित्र १४ काउंटवर १० बाय ७ इंच होतं. चारही बाजूंना तीन-तीन इंच धरून १६ बाय १३ कापायचं. त्याहून कमी ठेवलं तर फ्रेमवाल्याला कापड मागे वळवायला जागा उरत नाही. कापल्या कापल्या कडा शिंप्याकडून ओव्हरलॉक करून घ्याव्यात. कडांना चिकटपट्टी लावण्याचा सल्ला मुंबईच्या उकाड्यात महागात पडतो, तिचा गोंद कापडात उतरतो आणि त्यावर धूळ बसते.

दमट हवेत आणखी दोन गोष्टी बिघडतात. सुई कापडातच टोचून ठेवली की तिच्याभोवती गंजाचा तपकिरी ठिपका उमटतो आणि तो सहसा जात नाही. कापड ताणून धरणारी रिंग रात्रभर लावून ठेवली तर घामट हातांचा मळ तिच्या कडेवर साचून वर्तुळ दिसतं. काम थांबलं की रिंग काढायची, सुई डबीत ठेवायची. कापड घडी न घालता सुती फडक्यात गुंडाळावं. प्लास्टिकच्या पिशवीत जुलै-ऑगस्टमध्ये बुरशी धरते, आणि काळ्या आयडावर ती लवकर नजरेस पडते.

काळ्या कापडाचं म्हणाल तर मांडीवर पांढरा टॉवेल पसरून बसावं, भोकं दिसतात. त्यावर पांढरा किंवा पिवळा धागा दोन पदरांत विरळ वाटतो, १४ काउंटवरही तीन घ्यावेत, म्हणजे त्या रंगाची लडी दीडपट लागते.

आखणी पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनने केली असेल, तर आधी साध्या गार पाण्यात रेषा पूर्ण घालवायच्या आणि मगच इस्त्री करायची. उष्णतेने ती शाई कायमची बसू शकते. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टर्किश टॉवेल घालून, म्हणजे टाके दबत नाहीत.