रांजणगावचा विंचू: आबार्थ पुंटोचा सहा वर्षांचा अनुभव

साध्या हॅचबॅकच्या ‘लिमिटेड एडिशन’ गाड्यांविषयी माझे एक ठाम मत आहे. इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शन यांत कंपनीने खरोखर बदल केला असेल, तरच त्या गाडीसाठी जास्तीचे पैसे मोजावेत. नुसते स्टिकर, वेगळ्या रंगाची सीट कव्हरे आणि डिकीवर एखादा बिल्ला एवढ्यावर काम भागवलेले असेल, तर पाच वर्षांनी ती गाडी नेहमीच्या मॉडेलच्याच भावाने विकली जाते. सणासुदीला आपल्याकडे ज्या खास आवृत्त्या निघतात, त्यांतील बहुतेक या दुसऱ्या प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारच्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या आणि त्यांपैकी एक, काळ्या रंगाची फियाट आबार्थ पुंटो, गेली सहा वर्षे माझ्या दारात उभी आहे.

या छोट्या यादीतील दोन नावे तुलनेसाठी आधी सांगितली पाहिजेत. मारुतीने 2003 मध्ये झेन कार्बन आणि झेन स्टील अशा दोन आवृत्त्या प्रत्येकी 300 च्या संख्येने काढल्या. एक काळी, दुसरी चंदेरी, आणि दोन्ही तीन दरवाजांच्या, म्हणजे इथे गाडीचा सांगाडाच वेगळा होता. 2016 मध्ये फोक्सवॅगनने पोलो जीटीआय आणली, तीही तीन दरवाजांची, 192 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) ताकदीची आणि फक्त 99 गाड्या. मात्र तिची किंमत 25.99 लाख रुपये होती, आणि ज्या घराला एकाच गाडीत सगळे भागवायचे असते, त्या घराच्या विचारात ती येणेच शक्य नव्हते. आबार्थ पुंटोचे मोल इथेच कळते. ऑक्टोबर 2015 मध्ये ती आली तेव्हा दिल्लीतील एक्स-शोरूम किंमत 9.95 लाख होती, दरवाजे पाच होते आणि बॉनेटखाली 145 अश्वशक्तीचे टर्बो (जादा हवा कोंबून ताकद वाढवणारे) इंजिन होते. दहा लाखांच्या आत एवढी ताकद त्या वेळी दुसऱ्या कोणत्याही हॅचबॅकमध्ये मिळत नव्हती.

आबार्थ हे नाव ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कार्लो आबार्थ यांनी 1949 मध्ये इटलीत ही संस्था काढली. साध्या फियाट गाड्यांना शर्यतीचा वेग देणे हा तिचा उद्योग होता आणि 1971 मध्ये फियाटने ती विकत घेतली. कार्लो यांची रास वृश्चिक, म्हणून गाडीवर विंचू आला. तो विंचू पुण्याजवळ रांजणगावच्या एमआयडीसीत तयार झालेल्या गाडीवर बसावा, याचे मला आजही अप्रूप वाटते. गाडी घेतल्यावर पूजेसाठी आम्ही ती रांजणगावच्या महागणपतीला नेली, तेव्हा ती आपल्या जन्मगावी आली आहे असेच घरातल्या सगळ्यांना वाटले.

आता मूळ विषय. इंजिन 1,368 सीसीचे टी-जेट आहे. हेच इंजिन फियाटच्याच लिनिया टी-जेट या सेडानमध्ये 114 पीएस देत असे. पुंटोत ते 145 अश्वशक्ती आणि 212 न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर) देते, आणि हा टॉर्क 2,000 ते 4,000 आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दरम्यान पूर्ण मिळतो. याचा अर्थ आकड्यांतून नीट कळत नाही, तो खंबाटकी घाटात कळतो. तिसऱ्या गिअरमध्ये, दोन हजारांच्या खाली गाडी अगदी सामान्य पुंटोसारखी, किंचित सुस्त वाटते. काटा दोन हजार ओलांडतो, पुढच्या बाजूने टर्बोची बारीक शीळ ऐकू येते आणि पाठ सीटला टेकते. समोरच्या ट्रकला ओलांडायला जेवढी मोकळी जागा लागेल असा अंदाज बांधलेला असतो, त्याच्या निम्म्यातच काम होते. शून्यावरून ताशी 100 किलोमीटरचा वेग 8.8 सेकंदांत गाठल्याचा कंपनीचा दावा होता. मी घड्याळ लावून तो तपासलेला नाही, पण त्यावर शंका घ्यावी असे मला कधी वाटलेले नाही.

मला मात्र वेगापेक्षा स्टिअरिंग अधिक मोलाचे वाटते. ते हायड्रॉलिक आहे, त्यामुळे संथ वेगात जड लागते आणि पार्किंगमध्ये हात भरून येतात. पण ताम्हिणीच्या वळणांवर रस्ता कुठे गुळगुळीत आहे, कुठे खडी पसरली आहे आणि पुढच्या चाकांची पकड कुठे सुटायला लागली आहे, हे सगळे तळहाताला कळते. आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या महागड्या गाड्याही मी चालवल्या आहेत. त्यांत ही जाणीव सापडत नाही. चारही चाकांना डिस्क ब्रेक असल्याने उतारावर पेडलचा भरवसा शेवटपर्यंत टिकतो. पावसात मात्र पाय आवरावा लागतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाईने दाबले की पुढची चाके जागेवर फिरतात आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढ घेते.

गैरसोयीही स्पष्ट सांगतो. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स 155 मिलिमीटर आहे आणि स्प्रिंगा कडक आहेत. आमच्या सोसायटीच्या फाटकासमोरच्या गतिरोधकावर चार माणसे बसलेली असताना ती तिरकी घातल्याशिवाय पार होत नाही. खराब रस्त्यावर मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांना प्रत्येक खड्डा कंबरेला जाणवतो, म्हणून आईला गावी न्यायचे असते तेव्हा मी दुसरी गाडी काढतो. पेडल एकमेकांच्या फार जवळ आहेत, त्यामुळे रुंद बूट घालून गाडी चालवणे धोक्याचे आहे. गिअर पाचच आहेत, सहावा असता तर द्रुतगती मार्गावर इंजिन शांत राहिले असते. ॲव्हरेज शहरात दहाच्या आसपास आणि महामार्गावर तेरा-चौदा मिळते, तेही पाय हलका ठेवला तर.

सेकंड-हँड आबार्थ शोधणाऱ्यांनी पुढचा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा, कारण साध्या पुंटो इव्होवर लाल पट्टे आणि विंचू चिकटवून ती आबार्थ म्हणून विकणारे लोक आहेत. बरेच जण आरसीवर 1,368 सीसी पाहून निश्चिंत होतात, आणि नेमके तिथेच फसतात, कारण टर्बो नसलेले साधे 1.4 फायर इंजिनही बरोबर 1,368 सीसीचेच आहे. सीसीचा आकडा काहीच सिद्ध करत नाही. बॉनेट उघडून टर्बो आणि त्याची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे पाइप डोळ्यांनी पाहावेत. मग खाली वाकून मागच्या चाकाच्या आऱ्यांतून आत बघावे: डिस्क दिसली पाहिजे, ड्रम दिसला तर तिथूनच परत फिरावे. गाडी रात्रभर बंद ठेवायला सांगून सकाळी थंड इंजिन स्वतः सुरू करावे आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का ते पाहावे. आधीच्या मालकाने इंजिन ऑइल कोणते घातले, किती किलोमीटरने बदलले, याची बिले मागावीत. टर्बोचे आयुष्य त्या बिलांवर ठरते. वेगात चालवून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर तसेच चालू ठेवण्याची सवय त्याला होती का, हेही विचारावे. उत्तर देताना तो गोंधळला, तर काय ते समजून घ्यावे.

सर्व्हिसचा एक अनुभव सांगण्यासारखा आहे. तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका गॅरेजने मागच्या स्प्रिंगा बदलताना साध्या पुंटोच्या बसवल्या. गाडी मागून दोन बोटे उचललेली दिसू लागली आणि वळणावर तिचे शेपूट हलके वाटू लागले. बिल मात्र आबार्थच्या सुट्या भागांचे लावले होते. ते काम पुन्हा करून घ्यायला मला दीड महिना लागला, तोही एका जुन्या फियाट मेकॅनिकने स्वतःच्या ओळखीतून योग्य स्प्रिंगा मिळवून दिल्या म्हणून. 2020 मध्ये बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम लागू होईपर्यंत फियाटच्या गाड्या भारतीय बाजारातून गेल्या. त्यामुळे दरवाजे, काचा, बंपरचा सांगाडा असे सामाईक भाग साध्या पुंटोचे चालतात, पण फक्त आबार्थसाठी बनलेला भाग हवा असेल तर तो शोधावाच लागतो.

एवढे सगळे धरूनही, घाटरस्त्यावर जीव असणाऱ्याला आणि घरात दुसरी गाडी असणाऱ्याला मी ही गाडी घ्यायला सांगेन. एकुलती एक गाडी म्हणून घेऊ नये. चांगली, न छेडलेली गाडी मिळाली तर भावासाठी फार ताणू नये, कारण मूळ स्थितीतल्या गाड्या दरवर्षी कमी होत आहेत. इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी ईसीयूत (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकात) फेरफार केलेली गाडी मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी. आणि गाडी ताब्यात आली की पहिल्याच महिन्यात पुढच्या-मागच्या स्प्रिंगांचा एक जादा संच मिळेल तिथून घेऊन ठेवावा. माझा संच तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलेला आहे.