रात्रीच्या नेमासाठी: सबंध डिजिटल स्कोप की जुन्या स्कोपमागचा कॅमेरा?

हवाई बंदुकीवरून रात्री नेम धरायचा आहे आणि थर्मल स्कोपइतका (म्हणजे प्राण्याच्या अंगाची उष्णता टिपणाऱ्या स्कोपइतका) खर्च करायचा नाही, असे ठरवले की मुख्यतः दोन वाटा उरतात. पहिली वाट म्हणजे काचेच्या स्कोपच्या जागी बसणारा, कॅमेरा आणि पडदा एकत्र असलेला सबंध डिजिटल स्कोप. साइटमार्कचा रेथ, हाइकमायक्रोचा अल्पेक्स, पार्डचा डीएस३५ ही त्यातली परिचित नावे. दुसरी वाट म्हणजे आहे तो काचेचा स्कोप तसाच ठेवून अंधार पडल्यावर त्याच्या मागच्या भिंगावर पडदा असलेला एक छोटा कॅमेरा चढवायचा, ज्याला इकडे इंग्लंडात रिअर ॲड-ऑन म्हणतात. लिंकनशरमधल्या एका शेतकऱ्याच्या परवानगीने मी त्याच्या धान्याच्या कोठारातले आणि पोल्ट्रीतले उंदीर मारतो. माझी बंदूक .२२ इंची छऱ्याची पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी असून इथल्या बिनपरवाना मर्यादेत, म्हणजे १२ फूट-पौंड किंवा सुमारे १६ ज्यूलच्या आत आहे. पहिले दीड वर्ष मी ॲड-ऑन वापरला आणि गेले दोन हिवाळे सबंध स्कोप वापरतो आहे. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे, त्यामुळे तिथल्या वाचकांनी यातला फक्त लक्ष्यभेदाला लागू पडणारा भाग घ्यावा.)

ॲड-ऑनच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे, आणि मी तो उगीच घेतला नव्हता. क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची फुली, काचेच्या स्कोपमधलाच राहत असल्यामुळे कॅमेरा काढला-घातला तरी झिरो, म्हणजे फुली आणि छर्रा यांचा जुळवलेला मेळ, बदलत नाही. बॅटरी संपली तर कॅमेरा खिशात टाकावा आणि उजाडेपर्यंत थांबावे, बंदूक निकामी होत नाही. दिवसा तर चांगल्या काचेतून दिसणाऱ्या चित्राची सर कोणत्याही छोट्या पडद्याला येत नाही, निदान या किमतीत तरी नाही. स्कोपच्या मागे दहा-बारा सेंटिमीटरची भर पडल्याने गाल दस्त्यावरच्या नेहमीच्या जागी टेकत नाही आणि मान आखडते, ही तक्रार सगळेच करतात. मला तिची सवय झाली होती.

सवय झाली नाही ती कॉलरची. कॅमेरा ज्या कड्यात अडकतो ते कडे स्कोपच्या मागच्या टोकावर घट्ट बसावे म्हणून त्याखाली इन्सुलेशन टेपचे वेढे द्यावे लागतात आणि कितीही निगुतीने दिले तरी थंडीत, हातमोजे घालून, अंधारात कॅमेरा फिरवून बसवताना तो चार-पाच अंश इकडे किंवा तिकडे राहतो. वरकरणी यात काही बिघडत नाही, कारण क्रॉसहेअर स्कोपचा आहे आणि स्कोप जागचा हललेला नाही. पण पडद्याच्या चौकटीत तो क्रॉसहेअर कललेला दिसतो आणि डोळ्याला ते सोसत नाही. हात नकळत बंदूक फिरवून पडद्याची चौकट सरळ करू पाहतात, म्हणजेच बंदूक खरोखर कलते. पंचवीस-तीस यार्डांवर आमच्या मंद छऱ्याची घसरण तेरा सेंटिमीटरच्या आसपास असते आणि ती भरून काढण्यासाठी नळी दृष्टिरेषेच्या वर रोखलेली असते. बंदूक पाच अंश कलली की ती भर सरळ वर न जाता बाजूला वळते आणि छर्रा सेंटिमीटरभर आडवा जातो. डब्यावर नेम धरणाऱ्याला सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. उंदराच्या डोक्यावर मात्र तेवढ्यात स्वच्छ मृत्यू आणि जखमी होऊन फळ्यांखाली पळालेला जीव असा फरक पडतो. असे तीन उंदीर एका रात्रीत जखमी होऊन निसटले आणि दुसऱ्या दिवशी उजेडात कागदावर मारून पाहिले तेव्हा बंदूक निर्दोष निघाली. कारण लक्षात यायला मला आणखी एक महिना लागला.

सबंध डिजिटल स्कोपमध्ये क्रॉसहेअर पडद्यावरच रेखलेला असतो, त्यामुळे तो पडद्याशी कधीच तिरपा होत नाही. माउंटमध्ये बसवताना ओळंब्याची दोरी समोर टांगून एकदा सरळ केला की झाले. त्याचे दोषही सांगायला हवेत. सुरू व्हायला काही सेकंद लागतात, आणि नेमका त्याच क्षणी उंदीर निघून जातो. बॅटरी संपली की नेम धरायला काहीही उरत नाही, म्हणून मी कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला, एक जास्तीची ठेवतो. भर उन्हात पडद्यातले रंग मला अजूनही फिकट वाटतात. दिवसा सशांवर जाणाऱ्याला हा तोटा कदाचित निर्णायक वाटेल.

अंधारात कॅमेऱ्याला दिसावे म्हणून लागणाऱ्या इन्फ्रारेड दिव्याबाबत दोन्हींत थोडाच फरक आहे, पण आहे. ॲड-ऑनचा दिवा मागे असल्याने त्याचा प्रकाश स्कोपच्या टरेटवर (नेम जुळवण्याच्या उंच बटणांवर) आणि पुढच्या भिंगाच्या कडेवर आपटून चित्र धुरकट करतो. मला वेगळा टॉर्च पुढे बसवावा लागला, म्हणजे वाचवलेले पैसे तिथे गेले. सबंध स्कोपवर तो दिवा पुढेच असतो. कोठारात मी ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा वापरतो, कारण ८५० च्या दिव्याची लालसर ठिणगी उंदरांना दिसत असावी असा माझा अनुभव आहे. उघड्या रानात मात्र ९४० चा पल्ला कमी पडतो.

स्प्रिंगच्या बंदुकीचे गणित निराळे आहे. तिचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दोन्हीकडे बसतो, त्यामुळे मागे लोंबणारा कॅमेरा तिच्यावर बसवावा असे मी कुणाला सुचवणार नाही, आणि सबंध स्कोप घेतानाही निर्मात्याने स्प्रिंगच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख केला आहे का, हे आधी पाहावे. मी घेतले तेव्हा दोन्हींच्या किमतीत शंभर-सव्वाशे पौंडांहून जास्त अंतर नव्हते. ज्याच्याकडे उत्तम काचेचा स्कोप आधीच आहे आणि ज्याला महिन्यातून एखादी रात्र काढायची आहे, त्याने ॲड-ऑन घेतला तर मी त्याला चुकीचा म्हणणार नाही. फक्त कॉलर आणि स्कोप दोन्हींवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी आणि प्रत्येक वेळी ती जुळवावी. माझा ॲड-ऑन मी विकलेला नाही. कोठाराचे दार उघडण्याआधी आत किती हालचाल आहे, हे फटीतून पाहायला तो नुसता हातात धरूनही छान चालतो.