पाटी शंभर ग्रॅमची, बिल पाऊण किलोचं

प्रागच्या जुन्या चौकात डिसेंबरात जो ख्रिसमस बाजार भरतो, तिथल्या काही खाण्याच्या स्टॉलवर लावलेली किंमत ताटलीची नसते, शंभर ग्रॅमची असते. तिकडे जायचा बेत असेल त्यांनी एवढं एक वाक्य वाचून सोडून दिलं तरी चालेल. पण आमच्या बाबतीत प्रकार तेवढ्यावर थांबला नाही, म्हणून पुढचंही लिहिते.

आम्ही जर्मनीत, न्युर्नबर्गजवळ राहतो. साताऱ्याहून आई-बाबा आले होते. न्युर्नबर्गचा बाजार दाखवून झाला, तेव्हा शनिवार-रविवार जोडून प्रागला जाऊ असं ठरलं; गाडीने तीन-साडेतीन तासांचं अंतर. न्युर्नबर्गच्या बाजारातला हिशेब सरळ असतो. गरम वाइनच्या मगाला अनामत घेतात, मग परत केला की पैसे परत. पावात घातलेल्या तीन छोट्या सॉसेजची जी किंमत लिहिलेली, तीच द्यायची. त्या सवयीने आम्ही सीमा ओलांडली.

दुपारी पोचलो तेव्हा उणे सात होतं आणि वारा वेगळाच. चौकातलं खगोलीय घड्याळ १४१० सालचं. तास भरला की वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषितांच्या मूर्ती एकामागून एक पुढे येतात. ते बघायला गर्दीत उभं राहावं लागतं, आणि दगडी फरशीवर दहा मिनिटं उभं राहिलं की जाड बुटांतूनही गारठा वर चढतो. धाकट्याने कानटोपी काढून फेकली, थोरली "भूक लागली"चा जप करत होती, आई दोन शाली गुंडाळून गप्प. नवऱ्याचा फोन चाळीस टक्क्यांवरून अचानक बंद पडला. कडाक्याच्या थंडीत बॅटऱ्या अशा दगा देतात, आणि भावाची खातरजमा करायचं साधन नेमकं तेव्हाच जातं. हे सगळं लिहितेय कारण माझ्या मते थंडी ही या धंद्यातली भागीदार आहे. बोटं बधिर झालेल्या माणसाला बारीक अक्षरं वाचायची नसतात, त्याला काहीतरी गरम हवं असतं.

आणि समोर निखाऱ्यांवर फिरणारी डुकराची अख्खी मांडी होती, धुरासकट. प्राझ्स्का शुंका, म्हणजे प्रागचा प्रसिद्ध हॅम. पाटीवर ठळक १२९ कोरुना (चेक प्रजासत्ताकाचं चलन), शेजारी हालुश्की नावाचा बटाट्याच्या छोट्या गोळ्यांचा प्रकार, ८९ कोरुना. युरोला साधारण २५ कोरुना धरले तर दोन्ही मिळून नऊ युरोंच्या आत. नवऱ्याने दोन बोटं दाखवून दोन्हीतलं एकेक मागितलं. विक्रेत्याने किती हवं हे विचारलंच नाही. सुरी चालवली, जाड काप थर्माकोलच्या ताटलीत टाकले, दुसऱ्या ताटलीत हालुश्कीचा डोंगर केला आणि मग वजन केलं. हॅम ४३० ग्रॅम, हालुश्की ३००. बिल ८२२ कोरुना. तेहतीस युरो!

पाटी पुन्हा बघितली. आकड्याखाली, दिव्यांच्या माळेआड, बारीक अक्षरांत "१०० ग्रॅ." होतं. खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं. नवऱ्याने कमी करायला सांगितलं तर विक्रेता म्हणाला, कापलेलं परत घेता येत नाही. मागे रांग, लोकांचे हुं-हुं सुरू झालेले, पोरं ताटलीकडे बघतायत. पैसे दिले. त्यातही चरबीच निम्मी निघाली, हे वर.

आईचा मार्गशीर्ष चालू होता, त्यामुळे तिचा प्रश्न वेगळाच. तिला लांगोश घेऊन दिला. लसूण चोळलेला तळलेला हा प्रकार दिसायला थेट भटुऱ्यासारखा, आणि तो नगावर विकतात, वजनावर नाही. तिच्या उपवासाच्या शिस्तीने तिलाच सगळ्यात स्वस्तात जेवू घातलं. (मुलांनी ओढत नेलेलं त्रदेल्निक, म्हणजे निखाऱ्यावर फिरवून भाजलेली गोड पोकळ नळी, तिच्या पाटीवर "जुनी बोहेमियन परंपरा" लिहिलेली असते. युरोपीय संघाने भौगोलिक ओळख दिली आहे ती स्लोवाकियातल्या स्कालित्साच्या त्रदेल्निकला, २००७ मध्ये. पण ते खाऊन कुणाचं नुकसान होत नाही.)

एवढ्यात रोख संपली. लाकडी खेळण्यांच्या स्टॉलवर कार्ड चालेना. बाबा म्हणाले, "थांबा, माझ्याकडचे युरो मोडून आणतो." चौकाला लागूनच गल्लीत पैसे बदलून देणारं दुकान होतं. बाहेर भलामोठा शून्य टक्के, म्हणजे कमिशन नाही. बाबांनी दोनशे युरो सरकवले, आतून ३,४०० कोरुना आले. पाच हजारांच्या आसपास यायला हवे होते. कमिशन खरंच शून्य होतं. सगळी कमाई दरातच काढून घेतली होती. बाबांनी काचेवर टकटक करून विचारलं, तर आतल्या बाईने सही केलेल्या पावतीवर बोट ठेवलं.

बाबा आयुष्यभर सहकारी बँकेत रोखपाल होते. पावती न घेता ते भाजीही आणत नाहीत, म्हणून आई त्यांची चेष्टा करते. ती पावती त्यांनी घडी घालून पाकिटात ठेवली होती.

हॉटेलवर आलो. बाबा कुणाशी बोलेनात. मी कॉफी मागताना काउंटरवरच्या मुलाला सहज सांगितलं, तर त्याने पहिलं काय विचारलं? "पावती आहे? वेळ काय आहे त्यावर?" चेक प्रजासत्ताकात २०१९ पासून कायदा आहे: एक हजार युरोंपर्यंतचा व्यवहार असेल तर तीन तासांच्या आत जाऊन तो रद्द करता येतो. कारण द्यावं लागत नाही, दुकानदाराला मूळ पैसे परत द्यावेच लागतात. आमच्या पावतीला दोन तास होऊन गेले होते.

नवरा आणि बाबा तसेच, मफलर गुंडाळत पळाले. आतल्या बाईने आधी इंग्रजी येत नाही असं दाखवलं, मग "मॅनेजर नाही" सांगितलं. नवऱ्याने चेक नॅशनल बँकेचं नाव घेतलं, या दुकानांवर देखरेख त्यांचीच असते. बाबांनी पावतीवरची वेळ आणि भिंतीवरचं घड्याळ आळीपाळीने दाखवलं. दोनशे युरो परत आले, त्याच नोटा.

हा कायदा परवान्याच्या दुकानालाच लागू आहे. दुकानाबाहेर "मी जास्त दर देतो" म्हणत जवळ येणारा माणूस पसार झाला की संपलं. असे लोक बेलारूसच्या रद्द झालेल्या किंवा हंगेरीच्या नोटा हातात ठेवतात. खऱ्या नोटेवर "चेस्का नारोद्नी बांका" छापलेलं असतं आणि माणसाचं चित्र असतं, शंभराच्या नोटेवर राजा चौथा कार्ल, हजाराच्या नोटेवर इतिहासकार पालात्स्की.

एटीएमलाही तीन तासांची मुदत नाही. पैसे काढताना यंत्र विचारतं, रक्कम युरोत (किंवा रुपयांत) बदलून खात्याला लावू का? तिथला हिरवा, मोठा पर्याय दाबला की यंत्राचा दर मान्य केला असं होतं. "रूपांतर नको" निवडायचं, म्हणजे रक्कम कोरुनातच जाते आणि दर आपली बँक लावते. दुकानातल्या कार्डयंत्रावरही हाच प्रश्न येतो, तिथेही कोरुनाच. यंत्र शक्यतो नेहमीच्या बँकेच्या शाखेच्या भिंतीतलं बघावं, बाजारातलं एकटं उभं असलेलं नाही.

हॅमच खायचा असेल तर सुरी लागायच्या आधी वजन सांगा. चेक लोक दहा ग्रॅमला एक डेका धरून मागतात. "पत्नात्स्त डेका" म्हणजे दीडशे ग्रॅम. उच्चार जमला नाही तर कागदावर १५० लिहून दाखवा, आणि काटा दिसेल अशा बाजूला उभे राहा. जास्त कापलं तर पैसे देण्याआधी घ्यायचं नाकारा. ताटली हातात घेतली की मग वादात जोर राहत नाही.

रविवारी आम्ही नामेस्ती मीरूच्या बाजारात गेलो, मेट्रोच्या हिरव्या लाइनवर आहे. गर्दी कमी. नवऱ्याने ऑर्डर द्यायच्या आधी बाबा प्रत्येक स्टॉलसमोर चष्मा पुसून खाली वाकायचे आणि आकड्याखाली काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायचे.