चार दिवसांत दुखणं थांबवणारी पावडर

दिवाळीनंतर आमच्या वाडीत, देवळाच्या सभामंडपात, हाडांच्या मोफत तपासणीचं शिबिर लागलं होतं. आमचं गाव देवगड तालुक्यात. सासूबाईंना मीच घेऊन गेले होते. वय 67, कंबर आणि गुडघे कायमचे दुखरे. जे झालं ते सगळं लिहिते, कारण हीच माणसं नाहीतर यांच्यासारखीच दुसरी कुणी उद्या तुमच्या गावात येऊन बसतील.

तपासणी म्हणजे काय, तर टाचेला जेल लावायचं, पाय एका छोट्या मशीनमध्ये ठेवायचा, की मिनिटभरात चिठ्ठी बाहेर. आईंच्या चिठ्ठीवर हाडांच्या घनतेचा आकडा उणे 2.8 आला. पांढऱ्या कोटातला मुलगा म्हणाला, "आजी, हाडं आतून पोखरलीत. जोरात शिंकलात तरी मोडतील." त्या दिवशी रांगेतल्या एकीचाही आकडा चांगला निघाला नाही, पस्तिशीच्या शेजारणीचासुद्धा. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. बाजूच्या टेबलावर औषध होतंच: सहा महिन्यांचा कोर्स 18,000 रुपये, आजच घेतला तर 15,000. आईंनी काजूच्या बियांचे साठवलेले पैसे दिले. पावती मागितली तर "पुढच्या फेरीला देतो".

झिपच्या पिशवीत तपकिरी पावडर, वर नुसतं नावाचं स्टिकर. परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, कुठे बनली त्याचा पत्ता नाही, आत काय आहे त्याची यादी नाही. खऱ्या आयुर्वेदिक औषधाच्या डबीवर हे सगळं छापलेलं असतं. मी तेवढं पाहिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आणि पावडरीने गुण दिला, हेच सगळ्यात वाईट झालं. चौथ्या दिवशी आई म्हणाल्या, "अगो, माका उठताना हात टेकूक लागना नाय." शिमग्यात पालखी दारात आली तेव्हा दोन तास उभ्या होत्या. मुंबईहून आलेली माणसं म्हणाली, तब्येत छान सुधारली, चेहरा कसा भरलाय. मलाही बरं वाटलं. हातांवर निळेजांभळे डाग दिसायचे, ते कुठेतरी आपटल्याचे असतील असं आम्ही धरून चाललो. वाडीतल्या आणखी तिघींना आमच्या आईंकडे बघूनच धीर आला आणि त्यांनीही कोर्स घेतला.

मे महिन्यात मांगरात आंब्याचा अर्धा भरलेला क्रेट उचलताना त्यांच्या पाठीत कट्‌ असा आवाज झाला. मी समोरच होते, मला तो ऐकू आला. चमक भरली म्हणून पंधरा दिवस बाम चोळला, शेक दिला. कुशीवर वळतानासुद्धा त्या ओरडायला लागल्या, तेव्हा कणकवलीला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी एक्स-रेच्या आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातांकडे, आणि विचारलं, "कोणती पुडी चालू आहे?" एक्स-रेत पाठीचा एक मणका दबलेला निघाला. साखर वाढलेली. सकाळी रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं, ते फार कमी आलं. डॉक्टरांनी नीट समजावलं: बाहेरून स्टेरॉइड पोटात जात राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. आईंना कुठल्याही डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलेलं नव्हतं, मग ते आलं कुठून? स्टेरॉइडने दुखणं झटक्यात थांबतं, तोंड गोल होतं, कातडी पातळ होते, आणि नवं हाड बनणं मंदावतं. म्हणजे हाडं भरतील म्हणून सहा महिने जे दिलं, त्यानेच हाडं झिजली. मला त्या खुर्चीवर बसवेना.

घनतेची खरी तपासणी, डेक्सा, त्यासाठी फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठलं. ती कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची होते, अगदी कमी एक्स-रे लागतात. टाचेचं मशीन ध्वनिलहरींवर चालतं. त्याने फार तर कुणाला पुढे तपासायला पाठवायचं ते ठरतं, त्याच्या आकड्यावरून औषध सुरू करायचं नसतं. उणे 2.5 किंवा त्याखाली गेलं तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, ही रेघ डेक्साच्या आकड्याची आहे. आईंचा खुब्याचा आकडा उणे 2.2 आला. पण एवढ्याशा वजनाने मणका दबला म्हटल्यावर आकडा काहीही असो, औषध लागणारच.

आठवड्याला एक गोळी हा सोपा उपाय, पण ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नसतं. आईंना जळजळ होते आणि तेव्हा ताठ बसवतही नव्हतं. दर सहा महिन्यांनी घ्यायचं एक इंजेक्शन असतं, त्याची तारीख चुकली तर मणके पुन्हा दबू शकतात. गावातून ते सांभाळणं कठीण. म्हणून वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं औषध ठरलं. त्याआधी किडनीची तपासणी, दात बघून घेणं आणि ड जीवनसत्त्व भरून काढणं झालं. नंतर दोन दिवस ताप आला. तो येईल हे आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरलो नाही.

आता आडाळ्यावर वाकून बसणं बंद, नारळ मी खवते. फिजिओथेरपिस्टने पुढे वाकायचे सगळे व्यायाम मना केलेत. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं, भिंत धरून टाचा उचलायच्या, पालथं झोपून छाती थोडी वर घ्यायची. जेवणात सकाळी नाचणीची पेज, शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, दिवसाला लागतं हजार ते बाराशे. काट्यासकट खाता येते म्हणून कुरकुरीत तळलेली मांदेली. उरलेल्याला गोळी, आणि ती साध्या दुकानातली, स्वस्त.

शिबिरवाल्यांचे फोन बंद आहेत. उरलेल्या दोन पिशव्या मी टाकल्या नाहीत, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसोबत दिल्या. पावती नाही, म्हणून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर पैशाचं काय होईल ते सांगता येत नाही, पण तिथेही नोंद केली.

वाडीतल्या त्या तिघी अजून पावडर घेतायत. त्यांना "आजपासून बंद करा" असंही म्हणता येत नाही, कारण स्टेरॉइड एकदम तोडलं तर रक्तदाब घसरतो, उलट्या होतात, जिवावर बेततं. आईंचंसुद्धा मोजून, स्टेरॉइडची गोळी कमी करत करत सोडवलं. म्हणून पिशवी हातात घेऊनच डॉक्टरांकडे जायचं. गुरुवारी आमच्या ह्यांची रिक्षा सांगून ठेवलीय. दोघी तयार झाल्यात. तिसरी म्हणते, माका तर लय बरा वाटता. तिच्याकडे आज संध्याकाळी आईच जाणार आहेत, पाठीचा पट्टा बांधून.