पॉइंटर कोणत्या ब्लॉकमधला? हीपवॉक की स्वतःचं टेबल

नांदेडला इंजिनिअरिंग करणाऱ्या मावसभावाने विचारलंय: विंडोजवर असेंब्लीत लिहितोय, हाती हीपमधल्या (प्रोग्रामला चालताना मागेल तशी मिळणारी मेमरी) एका ब्लॉकच्या अधलामधला पत्ता, म्हणजे पॉइंटर आहे, तो ब्लॉक कसा शोधू? हीपसाइझ (ब्लॉकचा आकार सांगणारं विंडोजचं फंक्शन) बाद, त्याला सुरुवातीचाच पत्ता लागतो. उरतात दोन वाटा: हीपवॉक, म्हणजे हीपमधले ब्लॉक एकेक करून दाखवणारं विंडोजचं फंक्शन, किंवा घेतलेल्या ब्लॉकचं स्वतः ठेवलेलं, पत्त्यांच्या क्रमाने लावलेलं टेबल.

मेहनत म्हणशील तर हीपवॉक सोपं. हीपलॉकने हीपला कुलूप लाव, लूप फिरव. प्रत्येक नोंदीत पत्ता, आकार, वापरात आहे का, सगळं मिळतं. हीपअनलॉक तेवढं विसरू नको, नाहीतर बाकीचे थ्रेड (प्रोग्रामचे समांतर चालणारे भाग) ताटकळतील. टेबलाला मात्र प्रत्येक अलोक, रीअलोक, फ्रीची (ब्लॉक घेणं, आकार बदलणं, सोडणं) नोंद ठेवावी लागते, आणि परक्या डीएलएलने (बाहेरच्या कोडच्या लायब्ररीने) घेतलेले ब्लॉक त्यात येतच नाहीत.

वेगात टेबल कुठच्या कुठे पुढे. 1 लाख ब्लॉक असतील तर बायनरी सर्चला (दर वेळी निम्मं टेबल वगळत शोधणं) 17 तुलना पुरतात. हीपवॉक एकेक ब्लॉक मोजत बसतं.

शेवटची तपासणी दोन्हीकडे तीच: पॉइंटरमधून ब्लॉकची सुरुवात वजा कर, उरलेलं आकाराशी ताड, मग जेबी (आकडे बिनचिन्ह धरून 'लहान असेल तर उडी' ही सूचना). पॉइंटर ब्लॉकच्या अलीकडचा असेल तर वजाबाकी उलटून प्रचंड आकडा येतो, म्हणजे एकाच तुलनेत दोन्ही टोकं तपासली जातात. इथे जेएल (तीच उडी, पण आकडे चिन्हासह धरून) घातलंस की घोळ! तो आकडा त्याला ऋण दिसतो आणि चुकीचा ब्लॉक बिनधास्त पास होतो.

डीबगिंगला अधूनमधूनच शोधायचं असेल तर हीपवॉक घे. हीपच बिघडलेला असेल तर मात्र त्याच्यावर विसंबू नको. गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी आपोआप सोडणारा कोड) लिहीत असशील तर टेबलच कर.